मापाचा शंख

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी एक आडवी लाट आली, आणि कुर्लीचा शंख कातळावर आपटून फुटला.

खेकड्यांच्या त्या राज्यात सगळ्यांचं अंग पुढून कडक आणि मागून मऊ होतं. पुढे चिमटे, डोळे, मिशा, सगळं भांडायला तयार. पाठ मात्र दुधावरच्या सायीसारखी. म्हणून जो तो शंखात राही. शंख कुणाला स्वतःला घडवता येत नसे. समुद्राने दिला तर मिळे, आणि अंग वाढलं की तोच टोचायला लागे. शंख बोटांनी मोजत. ही दोन बोटांच्या शंखातली, तो तीन बोटांच्या शंखातला, अशीच ओळख सांगत, नाव नंतर. बिनशंखाचं कुणी फार दिवस दिसत नसे. अमावास्येच्या दुपारी उधाण येई, ते उघड्या पाठीच्यांना ओढून नेई, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा विषय कुणी काढत नसे.

अमावास्या चार दिवसांवर आली होती. कुर्लीचं माप दोन बोटांचं. पदरात एक लेक होती, छोटी, नखाएवढ्या शंखात राहणारी. लाट आली की ती आईच्या शंखाची कड धरून राही. आता ती कडच उरली नव्हती. आपण वाहून गेलो तर ही कुठल्या दगडाला धरणार, हे काही कुर्लीच्या डोक्यातून जाईना.

समोर दिसलं ते तिने पाठीवर घेतलं. ते बाटलीचं पत्र्याचं झाकण होतं. निम्मी पाठ झाके, निम्मी उघडी राही, आणि चालताना कातळावर वाजे. लांबूनच कळे की कुर्ली आली. भेटेल तो विचारी, सध्या काय. ती म्हणे, सध्या हे. मग विचारणारा झाकणाकडे बघे आणि बघितलं नाही असं दाखवी.

पहिला दिवस तिने ओळखीच्यांत घालवला. तिच्या ओळखीची सगळी दोन बोटांचीच होती, एकाच डबक्यात वाढलेली. कुणी वाईट बोललं नाही. उलट सगळे हळहळले, छोटीच्या हातावर शेवाळाचा तुकडा ठेवला, आणि काही कळलं तर सांगू म्हणाले. जो तो इतक्या सारख्या शब्दांत म्हणाला, की संध्याकाळी कोण काय बोललं ते कुर्लीला आठवेना. शेजारची वहिनी तेवढी खरं बोलली.

“अगं, मलाच हा तीन महिने टोचतोय,” ती म्हणाली. “तीन बोटांचा मिळेना म्हणून कशीतरी बसलेय. तुझ्या मापाचा दिसला तर सांगेन. पण माझ्या मापाचा दिसला तर आधी मी पळणार, मग तुझी आठवण काढणार. राग मानू नकोस.”

कुर्लीने राग मानला नाही. दिवसभरात धरून ठेवण्यासारखं तेवढंच एक बोलणं तिला मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सपाट कातळावर गेली. ओहोटी लागली की तिथे गर्दी होई. रीत ठरलेली होती. मिशीला मिशी लावायची, बोटं सांगायची, खूप छान चाललंय म्हणायचं आणि पुढे सरकायचं. शंखाची चकाकती बाजू समोर ठेवायची, चीर गेलेली मागे. कुणी शंखावर शिंपले चिकटवून आले होते, कुणी लाल शेवाळ. एकाने तर या आठवड्यात आपण किती जणांना मिशी लावली, त्याचा आकडाच सांगितला. कुर्लीनेही साठ-सत्तर मिशा लावल्या, बहुतेक आपल्याच मापाच्यांना, आणि दोन बोटांचा कुठे आहे का असं विचारत गेली. झाकणाबद्दल कुणी विचारलं की म्हणे, सध्या जरा मोकळ्या हवेत राहून बघतेय. हे तिला एका लांब मिशांच्या बाईने शिकवलं होतं. घर फुटलं असं म्हणायचं नाही, लोक लांब सरकतात, असं ती बाई म्हणाली आणि स्वतःच लांब सरकली.

संध्याकाळी त्या साठ-सत्तरांतलं एकही तोंड कुर्लीकडे वळलं नाही. छोटीने विचारलं, आई, ते सगळे आपले कोण. कुर्लीने तिला गप्प बस म्हटलं, आणि मग त्याचंच तिला वाईट वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, कातळाच्या कपारीत, तिला एक शंख दिसला. शेवाळात अडकलेला, बाहेरून तपकिरी, आतून गुलाबी, कुठे चीर म्हणून नाही. दहा बोटांचा तरी असेल. ती आत शिरली. आत तिच्यासारख्या पाच जणी मावल्या असत्या. तिने तो उचलून बघितला, ढकलून बघितला, छोटीला मागून रेटायला लावलं. शंख जागचा हलला नाही. उधाणात ती त्याच्यात वाटाण्यासारखी घरंगळली असती.

मग तिने केलं ते त्या राज्यात सगळेच करत. तिने त्याच्यावर वाळू ओढली. आपल्याला नाही तर नाही, पण दुसऱ्याला तरी फुकट कशाला दाखवा. कधीतरी अंग वाढेल, तेव्हा होईल. वाळू ओढून ती वर बसून राहिली. उघडी पाठ उन्हाने भाजत होती. ती दोनदा उठली, दोनदा बसली. दहा बोटांचं अंग व्हायला दहा वर्षं लागली असती, आणि हाताशी होता एक दिवस. तीन दिवस आपण भेटेल त्याला एकच विचारतोय, माझ्या मापाचा आहे का. विचारतोय तेही आपल्याच मापाच्यांना. त्यांच्याकडे असला तरी त्यात ते स्वतःच बसलेले.

ती उठली आणि वहिनीकडे गेली. तुमच्या ओळखीत सगळ्यात मोठं कोण आहे, असं तिने विचारलं.

वहिनी हसली. “मोठ्यांची ओळख असती तर अशी अवघडून बसले असते का मी?” मग म्हणाली, “नणंद दिलीय पलीकडच्या कातळावर. तीन बोटांची आहे, पण सासर मोठं. माझं तिचं काही बरं नाही. तरी माझं नाव सांग. नाव ऐकून तोंड वाकडं करेल, ते मनावर घेऊ नकोस. आत घेईल.”

नणंदेने तोंड वाकडं केलं आणि आत घेतलं. तीही आपल्या तीन बोटांत अवघडलेली होती, पण ते वहिनीला कळू नये असं तिला वाटत होतं. तिच्या मामंजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, थोरल्या आबांकडे जाणं-येणं होतं. मामंजी सहा बोटांचे, आबा आठ बोटांचे. मामंजींनी लांबूनच आबांची जागा दाखवली. म्हणाले, माझं नाव सांग, पण मी पाठवलं असं म्हणू नकोस.

थोरल्या आबांना सगळं राज्य भिऊन होतं. बघावं तेव्हा ते एक चिमटा उगारून बसलेले असत. समोरून जाताना बाया पोरांना मागे घेत. कुर्लीनेही छोटीला मागे घेतलं आणि झाकण वाजवत पुढे झाली. आबांनी, तुला काय हवंय, म्हणून विचारलं. त्यांच्याकडे येणाऱ्याला काही ना काही हवंच असे.

“तुमच्याकडचं काही मला बसणार नाही,” कुर्ली म्हणाली. “दहा बोटांचा शंख बघितलाय मी. रिकामा आहे. ते सांगायला आले.”

आबांनी आधी इकडेतिकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, “हा चिमटा मी उगारलेला नाही, पोरी. तो आत मावत नाही. दोन वर्षं झाली.”

“मग कुणाला सांगितलं नाहीत?”

“मी कुणाला सांगणार?”

कुर्लीने त्यांना जागा सांगितली. एकच मागितलं, की निघाल तेव्हा एकटे निघू नका, मामंजींना सांगून निघा, आणि त्यांना म्हणावं, तुम्हीही तुमच्या मागच्यांना सांगा.

अमावास्येच्या सकाळी कपारीशी रांग लागली. आबा, त्यांच्या मागे मामंजी, मग नणंद, मग वहिनी, शेवटी कुर्ली, आणि तिच्या पायाला छोटी. ज्याने त्याने पुढच्याचा शंख धरलेला. पुढचा निघाला की मागच्याने त्यात शिरायचं. आबांनी पाठ बाहेर काढली. एवढ्या मोठ्या जिवाची पाठ छोटीच्या पाठीइतकीच मऊ होती. सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी नजर वळवली. आबा दहा बोटांच्या शंखात गेले. मामंजी आबांच्या आठात गेले. मामंजींचा सहाचा रिकामा झाला, नणंद त्यात शिरली, आणि आत खुळखुळायला लागली.

ती बाहेर आली. पुन्हा शिरली, जणू मघाशी नीट बसली नव्हती. तीन बोटांच्या अंगाला सहाचा शंख पेलत नव्हता. मधे कुणीतरी हवं होतं. चार बोटांच्या शंखात अवघडून बसलेलं कुणीतरी, जे सहात गेलं असतं आणि आपला चारचा नणंदेला सोडून गेलं असतं. मग नणंदेचा तीनचा वहिनीला आणि वहिनीचा दोनचा कुर्लीला. असं कुणी रांगेत नव्हतं. रांगेतल्या कुणाच्या ओळखीतही नव्हतं.

पाणी चढू लागलं. नणंद आपल्या तीनात परत गेली, पण सहाचा तिने सोडला नाही. सोडला असता तर लाटेने नेला असता. आबांचा चिमटा आता आत मावत होता. तरी त्यांनी तो बाहेर काढला आणि सहाचा शंख वरून दाबून धरला. चार बोटांचं कुणी मिळतंय का बघायला मामंजी पलीकडे चौकशीला गेले. वहिनी नणंदेला म्हणाली, वन्सं, दमला असाल तर मी धरते थोडा वेळ. नणंदेने तिला जागा करून दिली. मध्येच कुणी सुटलं तर मागच्या सगळ्यांचंच गेलं, हे ज्याला त्याला कळत होतं. कुर्लीच्या मागे मात्र कुणीच नव्हतं, नुसती ओली वाळू. तिने छोटीला पायांच्या मधे घेतलं.

तेवढ्यात तिच्या पाठीशी काहीतरी टेकलं. वळून बघते तर एक अनोळखी बाई, तिच्याहून बारीक अंगाची, पाठीवर काहीसुद्धा नसलेली. धापा टाकत होती. तिने कुर्लीचं झाकण दोन्ही चिमट्यांनी घट्ट धरलं होतं.

“हे रिकामं होणार ना?” ती म्हणाली. “इथे रांग लागलीय, असं आमच्या डबक्यात ऐकलं.”

“होईल,” कुर्ली म्हणाली. पाणी पहिल्या दगडाला लागलं होतं. “चार बोटांच्या शंखात अवघडून बसलेलं कुणी माहीत आहे का तुम्हाला?”

बाईने नाही म्हणून मान हलवली. तिला मोठं कुणीच माहीत नव्हतं.

“नसू दे. झाकण सोडू नका, तिथूनच मागे हाक द्या. सहाचा रिकामा आहे, आम्ही धरून ठेवलाय म्हणावं. ज्याला ऐकू जाईल त्याने त्याच्या ओळखीत सांगावं. आणि लवकर सांगावं.”