न शेकलेला डफ

त्या मुलखात वाजायचा मान एकट्या घंटेचा होता. ती उंच बुरुजावर राही, दिवसातून तीनदा ठणठण करी, आणि बाकीच्या वस्तूंनी तेवढं ऐकून मुकाट कामाला लागायचं, अशी रीत होती.

ही रीत तिघांना जाचली. एक सनई, एक डफ आणि एक तुणतुणं. तिघं गावाबाहेर जाऊन वाजवू लागले. डफाचं एक होतं. त्याचं कातडं गार असलं की बोलत नसे, आधी जाळावर शेकावं लागे. तो शेकेपर्यंत दोघं शेजारी बसून राहत. घाई म्हणून कुणी करीत नसे.

गावोगाव हिंडले. केरसुण्यांनी हाकललं. एका अंगणात मुसळ म्हणालं, "गाताय की कण्हताय? काढा पाठवू का?" ओल्या दिवसांत तर काडीभर सुकं सरपण मिळेना. तेव्हा तुणतुण्याने आपल्याच दांडीचा शेंडा मोडून जाळात टाकला. "घे, शेक दादा. मला उंची मिरवून कुठं लगीन करायचंय?"

त्या दिवसापासून तुणतुण्याची तार जरा वाकडी बोलू लागली, आणि नवल असं, की लोकांना तीच आवडली. घागरी, पराती, झाकण्या, सगळ्या वाजू लागल्या. नवी तुणतुणी तर आपल्या धडधाकट दांड्या मुद्दाम मोडून घेऊ लागली.

मग बुरुजावरून घंटेचं बोलावणं आलं. सनईला फार आनंद झाला. वर गालिचे होते, पडदे होते. डफ जाळ पेटवायला जागा शोधू लागला, तशी दारातली चवरी म्हणाली, "इथं धूर नको. पडदे काळे होतात."

"सनईबाई, खाली जाऊन शेकून येतो," डफ म्हणाला. "दोन घटका थांब."

"घंटाबाई बसल्यात ना! आजच्या दिवस तसाच वाज. एवढं काय त्यात?"

डफ तसाच वाजला. ओलं पोतं आपटावं तसा आवाज निघाला. बुरुज हसला. सनईही हसली. बारीक, गोड, अगदी सुरात.

"बाई, तू हसलीस?" तुणतुण्याने विचारलं.

"मी? मी सूर लावत होते."

डफ पायऱ्या उतरून गेला. तुणतुणंही त्याच्या मागे गेलं.

सनई बुरुजावर राहिली. वाजे, वाहवा होई. पण वाजताना जिथं डफाची थाप पडायची, तिथं तिला आपलंच हसू ऐकू येई. किती वर्षं गेली, कोण जाणे. शेवटी तिला राहवेना. 'चुकलं' एवढा एकच शब्द बोलायचा, असं ठरवून ती खाली आली आणि विचारत विचारत निघाली.

डफ एका ओसरीवर सापडला. त्याने तापल्या खिळ्याने अंगभर भोकं पाडून घेतली होती. आता तो चाळण होता. शेजारी सूप पाखडत होतं, आणि तो ज्वारी चाळत होता.

"सनईबाई! ये, टेक जरा," तो म्हणाला. "आता मला शेकावं लागत नाही बघ."

त्याच्या आवाजात कुठं टोचणी नव्हती. तेच तिला सोसेना. तिने तोंड उघडलं. शब्द आला नाही, सूर आला, तोही फाटका, घोगरा, भिजल्या पानासारखा. सूप फिसकन हसलं.

डफ हसला नाही. त्याने चाळणं थांबवलं. तिचा सूर पुरा होईपर्यंत तो हलला नाही, आणि त्याच्या भोकांत आलेले दाणे तसेच अडकून राहिले.