पटका टांगायची वेळ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राज्याला राजा होता, पण जोंधळ्याच्या दिवसांत खरे राज्य चाले ते गोफणवाल्यांचे. लहानांनो, ऐका. आणि लहानांच्या निमित्ताने मागे येऊन बसलेल्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका, कारण ही गोष्ट जास्त तुमचीच आहे.

त्या राज्यात कणसांत दाणा भरला की भोरड्या पाखरांचे थवे येत. भोरडी दिसायला मोठी गोजिरी, पण थवा एकदा शेतात उतरला की मागे नुसती धाटे उरत. म्हणून प्रत्येक गाव शिवारात उंच माळा बांधी आणि त्यावर एक गोफणवाला उभा करी. तो सकाळपासून गोफण गरगर फिरवून दगड भिरकावी. दुपार कलली की त्याचा हात भरून येई. मग तो डोक्याचा पटका सोडून माळ्याच्या खांबाला टांगे. पटका दिसला की खाली बसलेला बदली गोफणवाला शिडी चढे आणि दिवस मावळेपर्यंत राखण करी.

सुगी झाली की गावात मिरवणूक निघे. पहिला गोफणवाला गळ्यात हार घालून बैलगाडीत बसे. बदली गाडीमागून धूळ खात चाले.

असाच एक बदली गोफणवाला होता. आईबापांनी त्याचे चांगले नाव ठेवले होते, पण ते विचारायची तसदी कुणी घेतली नाही. सगळे त्याला 'बदल्या' म्हणत. त्याच्या हातात फार जोर नव्हता, डोके मात्र होते. एक दगड सणसणत सोडी, दुसरा अगदी सावकाश, आणि तिसऱ्या खेपेला दगडच नाही, नुसता गोफणीचा फटकारा! आता काय येणार हे पाखरांना कळतच नसे.

एवढे असून तो कुठल्याच गावात टिकला नाही. गावे त्याची देवाणघेवाण करत. एका गावाने तर त्याला देऊन दुभती शेळी घेतली, आणि शेळी आटल्यावर त्याला परत मागायला आले. कणसे वाचली की कौतुक माळ्यावरून उतरलेल्याचे, आणि कणसे गेली की शिव्या माळ्यावर उभ्या असलेल्याला. बायको बिचारी दर सुगीला नव्या गावात नवी चूल मांडी.

बदल्याचा राग एकाच गोष्टीवर होता. पहिले गोफणवाले पटका वेळेवर टांगत नसत. लवकर टांगला तर लोक हसतील, म्हणून दुखरा हात तसाच ओढत राहत. पाखरे शेतात शिरली की मग ह्याला वर बोलवत.

"आधी जळत्या घरात ढकलायचं, आन् वर म्हनायचं तुझ्यामुळंच जळलं!" भाकरी मोडता मोडता तो बायकोला म्हणे. "मी पैला असतो ना, तर बराबर येळेला टांगला असता."

"बघू की," बायको म्हणे आणि कालवण वाढी.

होता होता त्याचे केस पिकले. आणि एका वर्षी नदीकाठच्या गावचा गोफणवाला लेकीकडे राहायला गेला. तिथल्या पाटलाने बदल्याला बोलावून घेतले.

"औंदा पैला गोफणवाला तू," पाटील म्हणाला. "पीक घरात आलं, तर नदीकडची झोपडी तुझी, कायमची. न्हाई आलं, तर तुझा रस्ता तुला मोकळा."

बायकोने झोपडी आतून बघितली आणि डोळ्यांना पदर लावला. तिला हार नको होता, मिरवणूक नको होती. तिला फक्त पुन्हा बोचकी बांधायची नव्हती.

बदली म्हणून गावाने एक म्हातारा ठेवला. एके काळी तो स्वतःच नावाजलेला पहिला गोफणवाला होता. खांदा आखडला तसे त्याच्या गावाने त्याला निरोप दिला होता. आता त्याचा हात थोडाच वेळ चाले, पण त्या थोड्या वेळात तो अजून पाखरू पळवून लावी.

बदल्या माळ्यावर चढला. पहिल्या दिवशी दुपार कलली, त्याचा हात पटक्याकडे गेला. इतक्यात बांधावरून कुणी तरी ओरडले, "बघा रं, जनमाचा बदली! अजून उनं हायती तवर दमला!"

झाले. त्याने हात मागे घेतला आणि दिवस मावळेपर्यंत एकट्यानेच राखण केली. दुसऱ्या दिवशीही तेच. गाव चकित झाले. "हा पठ्ठ्या पटकाच टांगत न्हाई!" म्हणून लोक बोटे तोंडात घालू लागले. बदल्याला ते ऐकून गुदगुल्या होत. खाली म्हातारा रिकाम्या हाताने बसून राही. घरी बायको खांदा शेकून देई. बघा, ज्या चुकीसाठी त्याने जन्मभर दुसऱ्यांना नावे ठेवली, तीच आता तो छाती फुगवून करत होता!

कापणी तोंडावर आली. त्या दिवशी आभाळ काळे होईल एवढा मोठा थवा आला आणि पलीकडच्या बाभळींवर बसला. बदल्याचा खांदा सकाळपासूनच ठणकत होता.

तेवढ्यात एक म्हातारी भोरडी येऊन समोरच्या खांबावर बसली. पाखरू झाले तरी काहींना तोंड आवरत नाही.

"मार की दगड," ती म्हणाली. "आम्ही दगडाला कुठं भितो? आम्ही खांदा बघतो. तुझा खांदा खाली आलाय. अजून जरा खाली आला की उतरतो आम्ही."

बदल्याने चिडून गोफण फिरवली. दगड तिला लागला नाहीच, थव्यापर्यंतही गेला नाही. तो मध्येच शेतात पडला आणि भरलेली कणसे मोडून गेला. बाभळींवरून पहिली पाखरे उडाली आणि शेताच्या कडेला उतरली.

त्याने खाली पाहिले. बांधावर लोक उभे होते, ते हसणार होते. त्यांच्यामागे नदीकडची झोपडी दिसत होती आणि दारात बायको उभी होती. त्याने डोक्याचा पटका ओढला आणि खांबाला करकचून बांधला.

म्हातारा शिडीच्या पायथ्याशी उभाच होता. तो वर आला आणि म्हणाला, "किती येळ लावलास रं! मी बी असाच लावायचो म्हना."

आजवर कुठलाही पहिला गोफणवाला उतरताना बदलीशी शब्दही बोलला नव्हता. तसा रिवाजच होता. बदल्याने तो मोडला.

"दादा, दगड डाव्या अंगाला हायती. वारं नदीकडनं हाय. आन् ध्यानात ठेवा, पाखरं आपला खांदा बघत्यात!"

म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. तो माळ्यावर मुद्दाम खांदा पाडून, खोकत उभा राहिला. ते बघून सगळा थवा एकदम बाभळी सोडून खाली झेपावला. कणसांवर येतो न येतो तोच म्हाताऱ्याने पाठ ताठ केली. गोफणीचा असा फटकारा उडाला की बांधावरच्या लोकांनी कान झाकले. पाठोपाठ दगड थव्याच्या मधोमध गेला. पाखरे एकमेकांवर आदळत वर उडाली, नदीपार गेली आणि त्या सुगीला परत आली नाहीत.

बदल्या माळ्याखाली मटकन बसला. बायकोने आणलेले पाणी तो घटाघटा प्याला. सगळे आयुष्य त्याने दुसऱ्यांना मोकळे केले होते, त्याला मोकळे करायला कुणी कधी आले नव्हते. आपल्यानंतरही कुणी आहे, हे कळल्यावर इतके हलके वाटते, हे त्याला आजच समजले. त्याला हसू आले आणि रडूही आले. बांधावरचे लोक बघत होते, पण हसले कुणीच नाही.

कडेची थोडी कणसे गेली, बाकी पीक घरात आले. मिरवणुकीत बदल्याने म्हाताऱ्याला हात धरून गाडीत शेजारी बसवले. हार एकच होता, तो दोघांच्या गळ्यांत मिळून घातला. पुढच्या सुगीपासून त्या गावात दुपार कलली की पटका टांगला जाई आणि उतरणारा चढणाऱ्याला सगळे नीट सांगून उतरे.

पाटलाने शब्द पाळला. मिरवणुकीच्याच संध्याकाळी बायकोने झोपडीच्या भिंतीत एक खुंटी ठोकली. दुसऱ्याच्या घरात खुंटी ठोकता येत नाही, म्हणून इतकी वर्षे ती थांबली होती.

बोध: थकल्यावर आपले काम वेळेवर दुसऱ्याच्या हाती देणे ही हार नव्हे, तीही राखणच आहे.