रोगणाआधीचे पाणी

एकदा एका व्यापाऱ्याने मुलाच्या लग्नासाठी घरातली लाकडी जमीन नव्याने करायला घेतली. काम एका वृद्ध कारागिराच्या शिष्याकडे होते. गुरूवाचून हाती घेतलेले त्याचे हे पहिलेच. त्याने फळ्या इतक्या निगुतीने घासल्या की तळहात नुसता घसरत जावा. आता रोगण तेवढे बाकी होते. परवा सून कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून याच जमिनीवरून आत येणार होती, आणि उघडे लाकूड कुंकू एकदा प्यायले की सोडत नाही.

शिष्य रोगणाचे भांडे उघडतो तोच गुरू काम पाहायला आले. त्यांनी जमिनीवरून हात फिरवला, मान डोलावली आणि फडके भिजवून सगळी जमीन ओली पुसून काढली.

लाकूड सुकले ते खरखरीत होऊनच. जागोजागी बारीक कुसळे उभी राहिली.

"आजोबा, हे काय हो करून ठेवलंत?" व्यापारी ओरडला. "वरात दारात आल्यावर रोगण लावणार का? तसं सांगा, म्हणजे दुसरा माणूस बघतो!"

शिष्याचा चेहरा उतरला. "बाबा, माझं कुठं चुकलं?"

"चुकलं नाही रे. छान घासलंस. पण घासताना दबलेली कुसळं गेली, असं तुला वाटलं. ती नुसती गप्प बसली होती. रोगणाची ओल लागताच उठली असती आणि तशीच आत थिजली असती. मग वरून कितीही चकाकी आण, पायाला टोचायचीच. त्यापेक्षा आत्ताच उठू देत. आत्ता हलका हात पुरतो."

शिष्याने हलक्या हाताने पुन्हा घासले, मग रोगण लावले. ते वाळल्यावर व्यापारी अनवाणी फिरून पाहून गेला. दुसऱ्या माणसाचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

सून आली. कुंकवाची पावले उमटली, पुसलीही गेली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या, "आमची सून भारी गुणाची हो! काही म्हणजे काही बोलत नाही."

व्यापाऱ्याने ते ऐकले. क्षणभर तो पायाखाली पाहत राहिला. मग त्याने सुनेला हाक मारली.

"बाळ, बस इथे. या घरात तुला काय खुपतंय, ते आजच सांगून टाक."

सुनेने पदर सावरला. सासूबाईंकडे पाहिले, सासऱ्यांकडे पाहिले.

"सगळं सांगू?"

त्या घरी त्या दिवशी जेवणे जरा उशिराने झाली.