गेनूतात्यांच्या अंगठ्याच्या रेषा

अख्खं गाव ज्याला ओळखतं त्याला यंत्र का ओळखत नाही, हे गेनूतात्या पाथरवटांना कळेना. तालुक्याच्या कचेरीत चारदा अंगठा लावला, चारदा तांबडा दिवा लागला.

साहेब खेकसले, "म्हातारबा, अंगठ्याला रेषाच नाहीत! आता रेशन बंद. कुठं घालवल्या रेषा?"

"तुमच्या दारात, साहेब. ह्या कचेरीची पायरी मीच घडवली, घासली. रेषा तिच्यात गेल्या. यंत्र बाहेर न्या अन् पायरीला लावून बघा."

रांग खो खो हसली. साहेबांनी 'ओळख पटली' असं हातानं लिहून धान्य चालू केलं.

दुसऱ्या दिवशी तात्या छिन्नी घेऊन आले आणि पायरीचा फुटका कोपरा नीट करून गेले. कचेरीसाठी केलेलं ते त्यांचं शेवटचं काम.