मडमबाईचा हीटर

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. त्या गावात दोन साडू राहायचे आणि दोघांत मिळून त्यांची एक गाडी होती. गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे हं! विलायतेत बनलेली, हिरवीगार, बसकी, दोनच माणसांची शर्यतीची गाडी. वयानं दोन्ही साडूंपेक्षा मोठी. सगळं गाव तिला मडमबाई म्हणायचं.

थोरले साडू मुरारशेठ. त्यांचं भांड्यांचं दुकान. बोलणं खणखणीत, छाती पुढे, आणि आपलं तेच खरं. धाकटे निवृत्तीराव. त्यांची पिठाची गिरणी. ते बोलायचे कमी आणि हसायचे जास्त. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून सणावाराला एका पंगतीत बसायचे एवढंच. एरवी दोघांचं जमावं असं काहीच नव्हतं. पण मडमबाईपुढे दोघंही सारखेच वेडे.

आणि मडमबाईची तऱ्हाही निराळीच. दाराला बाहेरून मूठच नाही. हात आत घालून दार उघडायचं. टाकीत पेट्रोल किती आहे ते काटा कधी खरं सांगायचा नाही, काठी बुडवून बघायचं. किल्ली फिरवली की मागून टिकटिक टिकटिक व्हायची, आणि ती थांबेपर्यंत बाईंना हात लावायचा नाही. घाई केली की रुसल्याच! पावसात टप चढवला तर बाहेर कमी आणि आत जास्त पाऊस. पण एकदा का सुरू झाली, की काय तो आवाज आणि काय ती धाव! रस्त्यापासून वीतभर उंचीवर बसायचं, वारा थेट तोंडावर घ्यायचा, आणि वळणावर पोटात अशा गुदगुल्या व्हायच्या की विचारू नका. मुरारशेठ तर दुकानात आलेलं गिऱ्हाईक सोडून चक्कर मारायला उठायचे.

दर उन्हाळ्यात त्या घाटात जुन्या गाड्यांची चढाई व्हायची. नियम एकच. पायथ्यापासून माथ्यापर्यंत कुठेही न थांबता चढायचं. जी गाडी थांबली ती बाद, मग तिला ट्रकवर घालून खाली आणायचं. मडमबाई पहिल्या वर्षी मारुतीच्या वळणावर उकळली. दुसऱ्या वर्षीही तिथंच फसफसली. दोन्ही वेळा ट्रकवर बसून गावात आली, आणि पोराटोरांनी ट्रकच्या मागं डबे वाजवत तिची वरात काढली.

यंदा दोघी बहिणी एक झाल्या. थोरली शेवंताबाई म्हणाली, "ही आमची सवत यंदा आपल्या चाकांनी घाट चढली तर राहील. ट्रकवरून आली, की दुसऱ्या दिवशी विकायची."

धाकटी मंजुळा म्हणाली, "ताई म्हणते तेच."

त्या दोघींचं एकमत झालं की विषय संपला. साडूंची झोपच उडाली. मडमबाई विकायची? छे, छे! नुसत्या विचारानं मुरारशेठना घास जाईना. मग दोघं कामाला लागले. रेडिएटर धुतला, पंख्याचा पट्टा बदलला, नळ्या बदलल्या. तरी एका चढाला उष्णतेचा काटा वर जायचाच.

शेवटी जुन्या गाडीवाल्यांचा एक जालीम उपाय उरला. मडमबाई थंड मुलखात जन्मलेली, म्हणून तिच्या पोटात हीटर होता. इंजिनाचं तापलेलं पाणी त्या हीटरमधून फिरायचं, पंखा त्यावरून वारा घ्यायचा आणि बसणाऱ्यांच्या पायांवर सोडायचा. जेवढी धग पायांवर निघेल, तेवढी इंजिनातली कमी होणार. म्हणजे काय, तर ऐन उन्हाळ्यात हीटर लावून घाट चढायचा!

"पाय शेकून निघतील हो," मुरारशेठ म्हणाले.

"निघू देत," निवृत्तीराव हसून म्हणाले. "अर्धी धग तुमच्या पायांवर, अर्धी माझ्या. बाई तर राहील!"

"दिला शब्द!" म्हणत मुरारशेठनी टाळी दिली.

चढाईचा दिवस उजाडला. काय गर्दी, काय गर्दी! ताशे वाजत होते, उसाच्या रसाच्या गाड्यांवर घुंगरं वाजत होती, माणसं झाडांवर चढून बसली होती. एक लाल तीनचाकी गाडी फटफट करत होती, एक पिवळी नुसतीच धूर सोडत होती. शेवंताबाई आणि मंजुळा आधीच एस्टीनं माथ्यावर जाऊन बसल्या होत्या. मुरारशेठ चाकावर, निवृत्तीराव त्यांच्या डावीकडे. हीटर पुरा लावलेला. गाडी उभी होती तेवढ्यातच मुरारशेठच्या पायांवर असा फुफाटा आला की त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आता गंमत ऐका. प्रत्येकाच्या पायांपाशी पत्र्याची एक छोटी झडप होती. झडप उघडी तर वारा त्या बाजूला येणार, बंद केली तर नाही. मुरारशेठनी शेजारी पाहिलं. निवृत्तीराव गर्दीतल्या कुणाला तरी हात हलवत होते. मुरारशेठनी चपलेचा अंगठा पुढे केला आणि आपल्याकडची झडप हळूच लोटली. खट्ट! पाय एकदम गार.

'गाडी मी चालवतोय,' त्यांनी मनाची समजूत घातली. 'पाय भाजला आणि ब्रेकवरून सटकला तर दोघंही दरीत जाऊ. हे मी दोघांच्या भल्यासाठीच करतोय.'

निशाण पडलं आणि मडमबाई उधळली! पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मुरारशेठ गिअर बदलत होते, चाक फिरवत होते, आणि इंजिनाचा आवाज कड्यावर आपटून परत येत होता. "हाण, हाण!" लोक ओरडत होते. पिवळी गाडी रस्त्याकडेला वाफ सोडत उभी दिसली. तिच्या मालकानं टोपी हलवली. पुढे लाल तीनचाकीही थंडावली होती. "गेली की हो तीही!" निवृत्तीराव आनंदानं ओरडले. मुरारशेठच्या अंगात तर वारंच शिरलं.

पण काटा? काटा वर सरकत होता. हीटर पुरा लावलेला, पंखा फिरतोय, तरी काटा वरच. मुरारशेठना काही कळेना. मारुतीचं वळण जवळ येत होतं आणि काटा तांबड्या खुणेला टेकत होता. बॉनेटच्या फटीतून वाफेचा एक बारीक धागा निघाला. तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हीटरला वारा सोडायला दोन तोंडं होती. त्यातलं एक त्यांनीच बंद केलं होतं. अर्धीच धग बाहेर पडत होती, आणि उरलेली अर्धी इंजिनात कोंडली होती.

त्यांनी चपलेचा अंगठा पुढे केला. पण झडप लोटायला अंगठा पुरला होता, उघडायला बोटं लागत होती. चिमटीत धरून तिला आपल्याकडे ओढायला हवं. हात चाकावरून काढावेत, तर एका अंगाला दरी. गाडी थांबवावी, तर बाद. आता झडप उघडू शकणारा माणूस एकच होता, तो म्हणजे डावीकडे बसलेला साडू. आणि त्याला सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार.

मुरारशेठच्या जिवाची नुसती घालमेल झाली. सांगावं, तर साडूपुढे तोंड दाखवायला जागा नाही. न सांगावं, तर मडमबाई हातची गेली. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणारही नाही. बाई उकळली, नशीब फुटकं, म्हणून मोकळं होता येईल. त्यांनी चोरून डावीकडे पाहिलं. निवृत्तीराव घामानं निथळत होते. पाय वर उचलून धरत होते, खाली टेकवत होते, परत उचलत होते. पण तोंडानं चकार शब्द नाही.

"निवृत्तीराव, पाय भाजतायत का हो?" मुरारशेठनी ओरडून विचारलं.

"भाजतायत की! पण तुमचेही भाजतच आहेत ना? तुम्ही तर वर गाडीही चालवताय. मी नुसता बसलोय, मी कुठल्या तोंडानं कुरकुर करू?"

झालं! मारुतीच्या वळणाचा शेंदरी दगड समोर दिसायला लागला होता.

"माझे नाही भाजत!" ते ओरडले. "निवृत्तीराव, मी माझी झडप बंद केलीय! खाली उभे होतो तेव्हाच केली! म्हणून बाई तापतेय! वाका आणि उघडा, लवकर!"

निवृत्तीरावांच्या तोंडावरचं हसू मावळलं. त्या चेहऱ्यावर हसू नाही असं मुरारशेठ पहिल्यांदाच पाहत होते. "काय माणूस आहात हो तुम्ही!" एवढंच निवृत्तीराव म्हणाले. मग कंबरेतून वाकले, मुरारशेठच्या गुडघ्याखाली हात घातला आणि झडप खसकन ओढली.

"आई आई गं!" मुरारशेठ किंचाळले. तापलेला वारा त्यांच्या पायांवर असा तुटून पडला की केसन् केस ताठ झाला. पण त्यांनी पाय हलवला नाही. चाक घट्ट धरलं आणि मारुतीचं वळण घेतलं. काटा थरथरला. तिथंच अडून बसला. मग रेघभर खाली आला, मग आणखी रेघभर!

"उतरतोय! उतरतोय!" निवृत्तीराव ओरडले. राग कुठल्या कुठे पळाला होता. "ओढा, शेठ, ओढा!"

"पाय जळाले हो माझे!"

"जळू देत! आता कळलं ना? ओढा!"

दोघं हसत होते, ओरडत होते, पाय आपटत होते, आणि मडमबाई गर्जत वर चढत होती. शेवटचं वळण, शेवटचा चढ, आणि आला माथा! ताशे कडाडले. शेवंताबाई पदर खोचून टाळ्या वाजवत होती. मंजुळा तर उड्या मारत होती. मडमबाई राहिली! आपल्या चाकांनी घाट चढून वर आली!

दोघं गाडीतून उतरले. मंजुळाचं लक्ष नवऱ्याच्या पायांकडे गेलं. पाय लालबुंद, घोट्यावर फोड आलेले. "अगं बाई! हे काय झालं?" ती म्हणाली. "दाजींचे पाय तर एवढे भाजलेले नाहीत."

निवृत्तीराव पटकन म्हणाले, "डावीकडे हीटर जरा जास्तच मारतो. तसं काही नाही."

बस्स. घाटभर हीटर सोसला, पण हे वाक्य काही मुरारशेठना सोसवलं नाही. "खोटं आहे हे!" ते खणखणीत आवाजात म्हणाले. गर्दीनं माना वळवल्या. "मी माझी झडप बंद केली होती. हा माणूस एकटा भाजत बसला आणि मी मजेत गाडी हाकली. शब्द दिला होता मी ह्याला!"

मुरारशेठनी पाण्याची घागर उचलली, साडूला एका दगडावर बसवलं, आणि सगळ्या गावादेखत खाली बसून त्याच्या पायांवर गार पाणी ओतायला लागले.

"अहो, अहो! तुम्ही थोरले, माझ्या पायांना हात काय लावता?" निवृत्तीराव पाय मागं ओढायला लागले.

"गप्प बसा," मुरारशेठ म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "एवढा वेळ गप्प बसलात, आता आणखी थोडा वेळ बसा."

तात्पर्य: शेजारचा माणूस कुरकुरत नाही म्हणून त्याला चटके बसत नाहीत असं समजू नये. आपणही त्याच्याबरोबर सोसतोय असं समजून तो गप्प असतो. त्याचा तो समज आपण खरा करावा.