बकुळेचं ‘वाढू दे’

पांगारवाडी नावाचं एक गाव होतं. गावाला लागून रान, रानाला लागून डोंगर आणि डोंगराला लागून निळंनिळं आभाळ. त्या गावातल्या सगळ्यात शेवटच्या, सगळ्यात चिमुकल्या घरात बकुळा राहायची. घर केवढं? एक खोली, एक चूल, एक फळी आणि एक कोपरा. कोपऱ्यात शिंदीच्या पात्यांचा ढीग. बकुळेची आई त्या पात्यांच्या केरसुण्या बांधायची. बकुळा रांगत होती तेव्हाच तिचे बाबा देवाघरी गेलेले. मायलेकींनी केरसुण्या बांधायच्या, विकायच्या आणि मिळेल ती भाकरी गोड मानून खायची, असं चाललेलं.

बकुळेची आई बोलताना शब्द फार जपून वापरायची. आता बघा, आपल्याकडे बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, बांगडी वाढली म्हणतात. कुंकू संपलं नाही म्हणत, कुंकू वाढलं म्हणतात. नारळसुद्धा आपण फोडत नाही, वाढवतो. पण बकुळेच्या आईनं हद्दच केली होती! तिच्या घरात पीठ वाढायचं, मीठ वाढायचं, दिव्यातलं तेलही वाढायचं. बकुळेनं चुकून ‘संपलं’ म्हटलं की आई झटकन तोंडावर बोट ठेवायची. “असं वाईट बोलू नये गं राणी. वाढलं म्हणावं.” गेल्या वर्षी घरातल्या एकुलत्या एक तांब्याला भोक पडलं, तेव्हाही ती एवढंच म्हणाली, “तांब्या वाढला हो, बकू.” त्या घरात सारखं काही ना काही वाढत होतं आणि फळी मात्र रिकामी होत चालली होती!

पाडवा उद्यावर आला. रानात पांगारा लालचुटूक फुलला, आंब्याचा मोहोर घमघमला, आणि गावात आवराआवरीची एकच धांदल उडाली. माळे रिकामे झाले, फडताळं उघडी पडली, घराघरातलं सामान अंगणात उन्हाला आलं. कुणी भांडी घासतंय, कुणी गोधड्या झटकतंय, कुणी जळमटं काढताना सटासट शिंकतंय! सगळ्यांना नव्या केरसुण्या हव्या होत्या. बकुळा डोक्यावर केरसुण्या घेऊन दारोदार फिरत होती.

फिरता फिरता ती सगुणेच्या घरी आली. सगुणा तिच्याच वयाची, शेजारच्याच, गावातल्या सगळ्यात मोठ्या कौलारू घरातली. आणि त्या घराचं अंगण! काय नव्हतं तिथं? सोन्यासारखी पिवळीधमक पितळेची परात, लालबुंद तांब्याचं घंगाळ, मोरपंखी गालिचा, जांभळ्या गोंड्यांच्या उशा, काचेची इवलीइवली हिरवी बरणी. आणि मधोमध पाटावर पालथा घातलेला, उन्हात लखलखणारा चांदीचा गडू. दर पाडव्याला सगुणेच्या उंच गुढीवर हाच गडू मिरवायचा. आणि बकुळेच्या गुढीवर? मातीचं लोटकं! गेल्या पाडव्याला त्या लोटक्याकडे पाहून बकुळा दिवसभर घराबाहेर आली नव्हती.

“बकू, आलीस?” सगुणा घामाघूम होऊन म्हणाली. “कालपासून आवरतेय बघ, पसारा काही हटत नाही. आईबाबा गाठी आणायला बाजारात गेलेत, मी एकटीच आहे. तुमचं बाई बरं! तुमचं आवरून झालंसुद्धा असेल.”

सगुणा हे अगदी साधेपणानं म्हणाली. पण बकुळेच्या अंगाचा तिळपापड झाला. आवरून झालंसुद्धा असेल म्हणे! फळी पुसली की झालं आमचं घर आवरून. आमच्याकडे पसारा करायलासुद्धा काही नाही, आणि हिला पसाऱ्याचा कंटाळा येतो! तिनं केरसुणी धपकन ओट्यावर ठेवली आणि तरातरा रानाकडे चालू लागली. खोटं कशाला बोलू? बकुळा मनानं चांगली पोर होती, पण त्या दिवशी तिला सगुणेच्या भांड्यांचा हेवा वाटत होता, उशांचा हेवा वाटत होता. अहो, त्या अंगणातल्या धुळीचासुद्धा हेवा वाटत होता.

रानात पांगाऱ्याखाली ती फतकल मारून बसली. तेवढ्यात वरून बारीकसा आवाज आला, “अगं, कुणी आहे का? मला सोडव ना गं!”

बकुळेनं मान वर केली. दोन फांद्यांच्या बेचक्यात एक भलंमोठं कोळिष्टक होतं आणि त्यात अडकली होती एक इवलीशी परी. बोटाएवढी! पांगाऱ्याच्या पाकळीचा लाल झगा, केसांत मोहोराची पिवळी पूड, आणि पंख असे की त्यांत सात रंग लुकलुकत होते. बकुळा आपला राग विसरली. खोडावर चढली, बोट ओलं करून एकेक धागा अलगद सोडवला, पंखाची जरासुद्धा ओढाताण होऊ दिली नाही. जाळ्यातल्या कोळ्यालाही तिनं पानावर उचलून पलीकडच्या फांदीवर ठेवलं.

परी फडफडली, तिनं अंग झटकलं आणि ती बकुळेच्या तळहातावर उतरली. “किती मायेचा हात आहे गं तुझा! मी सात डोंगरांपलीकडची. फुलं उघडायला दर चैत्राच्या तोंडावर इथं येते. तुमची बोली मी पांगाऱ्यावरच्या साळुंक्यांकडून शिकले. चांगली येते ना मला?”

“छान येते,” बकुळा म्हणाली.

“मग ऐक. तुला दोन इच्छा देते, पण त्यांचे नियम आहेत हं. पहिली इच्छा शेजाऱ्यांच्या घरासाठी मागायची. ती पुरी झाली की दुसरी तुला हवी ती. तू बोलशील ते मी शब्दन् शब्द खरं करणार, आणि एकदा बोललेला शब्द परत घेता येणार नाही.”

शेजाऱ्यांच्या घरासाठी! बकुळेच्या डोळ्यांपुढे तो चांदीचा गडू चमकला. पुन्हा राग उसळला. संपू दे त्यांचं सगळं, म्हणजे कळेल रिकामी फळी कशी दिसते! पण ‘संपू दे’ हा शब्द ओठांवर आला मात्र, आणि तिला आईचं तोंडावरचं बोट आठवलं. रागातसुद्धा सवय काही सुटेना. डोळे गच्च मिटून ती म्हणाली, “सगुणेच्या घरातलं सगळं सगळं वाढू दे!”

परीनं आनंदानं टाळ्या पिटल्या. “वाढू दे! अगं, किती मोठं मन तुझं! तथास्तु!” आणि लाल, सोनेरी, जांभळ्या ठिणग्यांचा एक झोत गावाकडे सुटला. परी बकुळेच्या वेणीत जाऊन बसली. “चल, बघायला जाऊ.”

बकुळा पळतच निघाली. रिकामं अंगण बघायला! सगुणेच्या घराजवळ आली आणि बघते तर काय! एका परातीच्या दोन झाल्या होत्या, दोनाच्या चार, चाराच्या आठ. उशा फुगून खिडकीतून बाहेर पडत होत्या. कौलांवर घंगाळं चढली होती. आणि गडू? इकडे गडू, तिकडे गडू, चांदीचे लखलखते गडूच गडू!

“अगं बाई!” बकुळा कपाळावर हात मारून ओरडली. “मी मागितलं काय आणि झालं काय!” तिला रडूच फुटलं. आधी सगुणेकडे एक गडू होता, आता शंभर झाले, आणि तेही बकुळेच्या हातून. आपल्याच हातांनी आपण आपला हेवा शंभरपट करून ठेवला!

तेवढ्यात आतून घुसमटलेला आवाज आला. “बकू! तूच ना गं ती? मी सामान आत ठेवत होते. मला दार सापडत नाहीये. अंगावर सगळं पडतंय. मला भीती वाटतेय, बकू!”

बकुळा धावली, दारातल्या परातींना हात घालून ओढू लागली. एक बाहेर काढावी तर आत दोन तयार! उशी काढली तर तिथं चार गालिचे. सगुणेचं रडणं दूर दूर जायला लागलं.

“परी, थांबव ना हे!”

“थांबव? पण तूच तर वाढू दे म्हणालीस,” परी गोंधळून म्हणाली.

बकुळेनं मान खाली घातली. खरं बोलायला तिला फार जड गेलं, पण बोलली. “आमच्यात वाढणं म्हणजे संपणं. मला सगुणेचं सगळं संपायला हवं होतं. मी चांगल्या मनानं नव्हतं मागितलं. मला तिचा हेवा वाटत होता गं.”

परीनं जीभ चावली. “हे साळुंक्यांनी नाही बाई शिकवलं मला! म्हणजे अर्थ चुकला तो माझा. शब्द परत घेता येत नाही, पण तोच शब्द तुझ्या अर्थानं पुरा करता येईल. सगुणेचं घर आत्ता रिकामं होईल, एक चमचा राहणार नाही. ती सुखरूप बाहेर येईल. आणि तुझी दुसरी इच्छा तशीच शिल्लक राहील. त्यात गुढीसाठी काय हवं ते माग. करू?”

बघा हं! सगुणा सुटणार, तिचा गडू जाणार आणि बकुळेला हवं ते मिळणार. नुसतं ‘हो’ म्हणायचा अवकाश. बकुळेच्या तोंडाशी ‘हो’ आलंही होतं. पण तिला डोळ्यांपुढे रिकामी फळी दिसली. सकाळी आई फळी पुसता पुसता उगाच दोनदा पुसते, ते दिसलं. तसली फळी सगुणेच्या आईला पुसायला लावायची?

“नको,” ती म्हणाली. “सगुणेचं सगुणेला राहू दे. माझी दुसरी इच्छा घे. हे वाढणं आहे ना, हे वाढणं वाढू दे!”

“आईच्या अर्थानं?” परीनं डोळे मिचकावले.

“आईच्या अर्थानं!”

आणि खाडकन सगळं थांबलं. एक उशी हवेतल्या हवेत फुगायची राहिली आणि धप्पकन खाली आली.

वाढणं थांबलं, पण वाढलेलं जायला जादू नव्हती. ते हातांनीच आवरायचं होतं. बकुळेनं पराती ओढून वाट केली. आतून धुळीनं माखलेली सगुणा बाहेर आली आणि बकुळेच्या गळ्यातच पडली. बकुळेनं रडत रडत तिला सगळं सांगून टाकलं. सगुणा नाक पुसत म्हणाली, “एवढं झालं? मला म्हणाली असतीस तर मी तुला गडू हातात धरू दिला असता की!” मग तिलाच हसू आलं. “आता मात्र आवरू लाग. आई येऊन हे बघेल तर मला ओरडेल, तुला नाही.”

पण खरं सामान कुठलं आणि जादूचं कुठलं? सगुणेला बरोबर ठाऊक होतं. “आमच्या परातीला इथं पोचा आहे, मी लहानपणी त्यात उडी मारली होती. आणि ह्या गडूला कडेला पोचा आहे, बाबांच्या हातून पडला होता. पोचा असेल ते आमचं.” शंभर कोऱ्या करकरीत गडूंमधून तिनं तो पोचा पडलेला गडूच उचलून छातीशी धरला. बकुळा बघतच राहिली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग सारं गाव बोलावलं. सगुणेनं नग द्यायचा, बकुळेनं ज्याला जे हवं त्याच्या हातात ठेवायचं. थंडीच्या दिवसांत कुडकुडणाऱ्याला गोधडी, लग्नघरी परात, बाळंतिणीला उशी. दिलेली वस्तू हसत हसत घरी गेली, राहिलेली फडताळात बसली. ऊन कलायच्या आत अंगण मोकळं, घर मोकळं, अगदी मोहोराचा वास आत फिरेल इतकं! शेवटचा गडू हातात राहिला तेव्हा बकुळेनं तो जरा जास्तच वेळ धरला. तेवढ्यात काठी टेकत तुळसाकाकू आली. “माझ्यासाठी काही राहिलं का गं पोरी?” बकुळेनं गडू तिच्या ओंजळीत ठेवला. स्वतःसाठी काही घ्यायचं राहूनच गेलं.

पाडव्याची सकाळ उजाडली. आईनं काठीला हिरवा विरलेला खण बांधला, कडुलिंबाचा डहाळा आणि गाठीची माळ बांधली आणि वर तेच मातीचं लोटकं पालथं घातलं. बकुळेच्या वेणीतून परी भुर्रकन उडाली आणि लोटक्यावर जाऊन उभी राहिली.

“निघते गं आता. इच्छा वाढल्या माझ्याकडच्या,” ती ऐटीत म्हणाली. “पण निघताना खूण ठेवून जायला कुठलाच नियम आड येत नाही.”

तिनं इवलासा पाय लोटक्यावर आपटला. लाल, केशरी, सोनेरी उजेडाची कारंजी उसळली, खण मोरपिसासारखा झळाळला, आणि त्या उजेडात उजेड होऊन परी दिसेनाशी झाली. डोळे चोळून बकुळेनं वर पाहिलं. काठीवर तांब्याचा लालबुंद कलश चमकत होता. आणि त्याच्या कडेला होता एका इवल्याशा पावलाएवढा पोचा.

सगुणा धावत आली आणि वर बोट दाखवून ओरडली, “पोचा आहे बकू! म्हणजे तुझाच!”

दोघी सगुणेच्या उंच गुढीखाली गेल्या, मग पुन्हा बकुळेच्या गुढीखाली आल्या आणि एकच साखरगाठ अर्धी अर्धी खात बसल्या. आई दारातून केव्हाची बघत होती. शेवटी तिला राहवेना.

“काय गं बकू, दर पाडव्याला सगुणेची गुढी बघून गाल फुगवून बसायचीस. आज तो हेवा कुठं गेला?”

बकुळेनं तोंडातली गाठ एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली.

“वाढला, आई.”

“आँ?” आई दचकली. मग तिला कळलं, आणि तोंडावर ठेवलेल्या त्या बोटाआडून ती खुदकन हसली.