पाटलांची खाच

"सून मुकी, तिची कोंबडीही मुकी. दोघींवर नजर ठेव. त्यांच्या गावचं रक्तच भेकड," लखमाजी पाटील बायकोला म्हणाले. दाराआड नव्या सुनेला, सगुणाला, ते ऐकू आलं.

तिने माहेरून आणलेली कोंबडी चपळ होती. पाटलांचा असील कोंबडा ताकदीचा, पण जड. वार त्याचा आणि पाय तिचे, अशी झुंजीची पिल्लं निघावीत म्हणून पाटलांनी जोडी लावली खरी, पण मनातली शंका जाईना. घरच्या कोंबड्यांच्या पिल्लांत ही मिसळायला नकोत म्हणून त्यांनी तिच्या प्रत्येक पिल्लाच्या डाव्या पंजाच्या कातडीला स्वतःच्या हाताने खाच पाडली.

वर्षाने पहिली झुंज लावली. एका तांबड्या कोंबड्याने शेपूट पाडून थेट गोठा गाठला.

गावासमोर पाटील गरजले, "गेला आईवर! सूनबाई, तुझ्या त्या कोंबडीचा आज रस्सा कर."

सगुणाने पळपुट्याला काखेत धरून आणलं आणि त्याचा डावा पंजा सगळ्यांसमोर फाकवला.

"करते की, मामाजी. पण याच्या पंजाला तुमची खाच नाही. याची आई तुमच्या खुराड्यातली कोणती, तेवढी दाखवा. पातेलं तयार आहे."